सेनापती बोलतो आणि खुर्ची जाते, ती कशी?

२१ जानेवारी २०२२. दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्थेत जर्मनीचे नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल काय-आखिम शोनबाख बोलत होते. जर्मनीची ‘बायर्न’ ही युद्धनौका त्याच आठवड्यात मुंबई बंदरात आली होती आणि त्या निमित्ताने साहेबही भारतात होते. समोरची मंडळी संरक्षण विषयाची अभ्यासक. अशा बैठकीत माणूस जरा सैलावतो, तसे शोनबाखही सैलावले. रशियाने युक्रेनकडून घेतलेला क्रिमिया गेला तो गेला, तो काही आता परत येत नाही, असं ते म्हणाले. पुतिनना हवाय तो मान, तो द्यायला काही पैसे पडत नाहीत, आणि बहुधा त्या मानाला ते पात्रही आहेत, असंही म्हणाले.

चर्चेचं चित्रीकरण चालू होतं. ते इंटरनेटवर गेलं आणि कीव्हपर्यंत पोचलं. त्या दिवसांत रशियाचं लाखभर सैन्य युक्रेनच्या सीमेला टेकलेलं होतं. युक्रेन शस्त्रं मागत होता, जर्मनी देत नव्हता, आणि जर्मनीच्या मनात नेमकं काय आहे याची शंका तिथे आधीपासून होतीच. युक्रेन सरकारने जर्मन राजदूताला बोलावून जाब विचारला. शोनबाख यांनी ‘ही चूकच होती, त्यात शब्दांचा कीस पाडण्यासारखं काही नाही’ अशा अर्थाची कबुली दिली. पण तेवढ्याने भागलं नाही. २२ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत राजीनामा देऊन झाला होता.

आता गंमत अशी की हीच वाक्यं एखाद्या प्राध्यापकाने म्हटली असती, तर तिथेच विरून गेली असती. निवृत्त अधिकारी तर टीव्हीवर याहून कितीतरी भडक बोलतात. मग पदावरच्या अधिकाऱ्याच्याच दोन वाक्यांना एवढं वजन का?

कारण पदावरचा सेनाधिकारी स्वतःच्या नावाने बोलूच शकत नाही. त्याची तशी इच्छा असेल, तो ‘हे माझं वैयक्तिक मत’ म्हणून सुरुवात करेल, पण ऐकणाऱ्याला त्याच्या खांद्यावरचे तारे दिसतात आणि तारे देशाचे असतात. लोकशाहीत ढोबळ व्यवस्था अशी असते: युद्ध करायचं की नाही, कुणाशी, किती काळ, किती पैसा ओतून, हे निवडून आलेलं सरकार ठरवतं. कसं लढायचं ते सैन्य सांगतं, आणि सरकारला सल्लाही देतं, अगदी परखड सल्ला देतं. पण तो बंद दाराआड. एकदा निर्णय झाला की तो आपलाच म्हणून राबवायचा. मंत्र्याची जीभ घसरली तर मतदार त्याचं काय ते बघतात. सेनापतीला मतदार नसतात. त्याच्या हाताखाली हत्यारबंद माणसं असतात. म्हणून त्याच्यासाठी नियम वेगळा.

मला अशा सगळ्या प्रकरणांमधून जाणवलेली गोष्ट अशी. बड्या लष्करी अधिकाऱ्याची नोकरी तो खोटं बोलला म्हणून क्वचितच जाते. जो निर्णय त्याचा नाही, तो त्याच्या तोंडून आधीच झाल्यासारखा ऐकू येतो, आणि सरकारला मागेपुढे सरकायला जी जागा हवी असते ती नाहीशी होते. खुर्ची जाते ती त्यापायी.

अमेरिकेच्या हवाईदलाचे प्रमुख मायकल डुगन यांचं उदाहरण घ्या. १ जुलै १९९० ला ते प्रमुख झाले. ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळला. सप्टेंबरमध्ये डुगन सौदी अरेबियाच्या दौऱ्यावर निघाले आणि सोबत विमानात काही पत्रकार घेतले. लांबचा प्रवास, हातात भरपूर वेळ, आणि विषय त्यांच्या आवडीचा. बोलत गेले. युद्ध झालंच तर मुख्य काम हवाईदलच करेल, बगदादवर बॉम्ब पडतील, खुद्द सद्दाम, त्याचं कुटुंब आणि जवळची माणसं यांना लक्ष्य केलं पाहिजे, इस्रायलींनीही लक्ष्यांबद्दल सुचवलं आहे. रविवारी हे सगळं वर्तमानपत्रात आलं. सोमवारी, १७ सप्टेंबरला, संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी त्यांना बोलावून घरी पाठवलं. प्रमुखपद टिकलं ७९ दिवस.

यातलं प्रत्येक वाक्य सरकारच्या वर्मी कसं लागत होतं ते बघण्यासारखं आहे. अध्यक्ष बुश तेव्हा अरब देशांची मोट बांधत होते. त्या मोटेत इस्रायलचं नाव नुसतं उच्चारलं तरी ती सुटण्याची भीती. अमेरिकेत दुसऱ्या देशाच्या नेत्याची हत्या घडवण्यावर अध्यक्षीय आदेशाने बंदी आहे, आणि हा माणूस सद्दामच्या घरच्यांपर्यंत पोचलेला. भूदल आणि नौदल यांना काय वाटलं असेल ते वेगळंच. एवढं करून, जानेवारी १९९१ मध्ये युद्ध झालं तेव्हा जमिनीवरची लढाई सुरू होण्याआधी पाच आठवड्यांहून जास्त काळ विमानंच बॉम्ब टाकत होती. युद्धाच्या तंत्राबद्दल डुगन बरोबर होते. मला तर त्यांची थोडी कीवच येते. पण बरोबर असणं हा इथे बचाव होत नाही.

जपानमध्ये हे आणखी ठसठशीतपणे दिसलं. १९७८ साली तिथल्या तिन्ही दलांच्या संयुक्त समितीचे अध्यक्ष हिरोओमी कुरिसू यांनी एका साप्ताहिकाला मुलाखत दिली. म्हणाले, देशावर अचानक हल्ला झाला तर काय करायचं याची कायद्यात नीट तरतूदच नाही. तेव्हा आघाडीवरच्या कमांडरला कायद्याबाहेर जाऊन पावलं उचलावी लागतील. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने सरकार गुंडाळून ठेवल्याची आठवण ज्या देशात ताजी, तिथे सर्वोच्च सेनाधिकारी ‘कायद्याबाहेर’ हा शब्द वापरतो! संरक्षण खात्याचे प्रमुख शिन कानेमारू यांनी त्यांना पदावरून काढलं. कायद्यातली ती पोकळी मात्र खरी होती. सरकारने त्यावर अभ्यास सुरू केला, आणि प्रत्यक्ष कायदे व्हायला २००३ साल उजाडलं.

पाकिस्तानात उलट्या दिशेने हीच कथा. ऑक्टोबर १९९८ मध्ये लष्करप्रमुख जहांगीर करामत यांनी लाहोरच्या नौदल महाविद्यालयात भाषण केलं आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद असावी, असं सुचवलं. म्हणजे कारभारात सैन्याला अधिकृत खुर्ची. पंतप्रधान नवाझ शरीफ भडकले, आणि निवृत्तीला जेमतेम तीन महिने उरलेले असताना करामत यांनी राजीनामा दिला. पाकिस्तानच्या इतिहासात लष्करप्रमुखाने पंतप्रधानापुढे असं निमूट बाजूला होणं ही नवलाची गोष्ट होती. शरीफ यांनी त्यांच्या जागी परवेझ मुशर्रफ यांना नेमलं. १२ ऑक्टोबर १९९९ ला याच मुशर्रफ यांनी शरीफ यांना सत्तेवरून हटवलं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक देशांत सैनिकाचं भाषणस्वातंत्र्य कमीच असतं. भारतात राज्यघटनेच्या कलम ३३ ने सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संसदेला दिली आहे. सेना नियम १९५४ मधला २१ वा नियम सांगतो की राजकीय प्रश्नावर किंवा लष्करी विषयावर पूर्वपरवानगीशिवाय काही छापायचं नाही, वर्तमानपत्रांना कळवायचं नाही. अमेरिकेच्या लष्करी कायद्यातलं कलम ८८ अधिक मजेदार आहे. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, संसद, संरक्षणमंत्री वगैरेंबद्दल तुच्छतेने बोलणं हा गुन्हा, पण तो फक्त अधिकाऱ्यांसाठी. साध्या शिपायाला हे कलम लागत नाही. बोललेलं खरं होतं की खोटं याने फरक पडत नाही, असं त्याच्या अधिकृत स्पष्टीकरणात लिहिलं आहे. आणि निव्वळ खासगी गप्पांवर सहसा खटला भरू नये, असंही त्यातच लिहिलं आहे.

हे कलम प्रत्यक्षात फार क्वचित बाहेर निघतं. १९९३ मध्ये हवाईदलाचे मेजर जनरल हॅरॉल्ड कॅम्पबेल यांनी नेदरलँड्समधल्या एका तळावरच्या मेजवानीत नवे अध्यक्ष क्लिंटन यांची गांजा ओढणारा, बायकांमागे फिरणारा, सैन्यभरती चुकवणारा अशा शब्दांत संभावना केली. मेजवानीला शेकडो माणसं होती, त्यामुळे खासगी गप्पांची सवलत गेली. सुमारे ७ हजार डॉलर दंड, लेखी ताशेरे आणि निवृत्ती. कोर्ट मार्शल झालंच नाही.

बहुतेक वेळा कायद्याची गरजच पडत नाही. वरिष्ठ पदं विश्वासावर चालतात आणि विश्वास काढून घ्यायला पुरावा लागत नाही. ‘नेतृत्व करण्याच्या क्षमतेवरचा विश्वास उडाला’ हे अमेरिकी लष्करातलं ठरीव वाक्य. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीनलँडमधल्या पिटुफिक तळाच्या प्रमुख कर्नल सुझाना मेयर्स यांना याच वाक्याने हटवलं. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स तळावर येऊन गेल्यानंतर, त्यांनी मांडलेली मतं या तळाची नाहीत, अशा अर्थाचा ईमेल मेयर्स यांनी तळावरच्या लोकांना पाठवला होता. भाषण नाही, मुलाखत नाही. नुसता ईमेल, आणि तोही आपल्याच माणसांना.

ही ‘आपलीच माणसं’ हीच तर भानगड आहे. पडलेल्या अधिकाऱ्यांची यादी चाळली तर पत्रकार परिषदेत, माइकच्या जंगलासमोर घसरलेले थोडेच सापडतात. तिथे माणूस सावध असतो, शेजारी प्रसिद्धी अधिकारी डोळे वटारून बसलेला असतो. घात होतो तो विमानात, मेजवानीत, चर्चासत्रात, न्याहारीच्या टेबलावर. १९४४ मध्ये अमेरिकेचे जनरल पॅटन इंग्लंडमधल्या नट्सफर्ड गावी सैनिकांसाठीच्या एका क्लबच्या उद्घाटनाला गेले. हे बोलणं छापलं जाणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. जगावर राज्य करणं हे ब्रिटिश आणि अमेरिकनांचं विधिलिखित आहे, अशा थाटात ते दोन शब्द बोलले, आणि मित्रराष्ट्र रशियाचं काय, यावरून अमेरिकेत गहजब झाला. सरसेनापती आयझेनहॉवरना त्यांची गरज होती म्हणून पॅटन वाचले.

जनरल स्टॅन्ली मॅक्क्रिस्टल वाचले नाहीत. त्यांची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण जुना इशारा विसरल्यावर काय होतं ते तिच्यात दिसतं.

ऑक्टोबर २००९. अफगाणिस्तानात आणखी किती सैन्य पाठवायचं यावर ओबामा सरकारचा खल चालू होता. मॅक्क्रिस्टल तिथले सेनापती. लंडनमध्ये भाषणानंतर कुणीतरी विचारलं, सैन्य कमी ठेवून फक्त दहशतवाद्यांना टिपण्याची योजना चालेल का? ही योजना उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या डोक्यातली होती. मॅक्क्रिस्टल यांनी सरळ नकारार्थी उत्तर दिलं. लगेच त्यांना कोपनहेगनला बोलावणं आलं, आणि विमानतळावर उभ्या अध्यक्षीय विमानात ओबामांनी त्यांची भेट घेतली. कुणीही सावध झाला असता.

मग एप्रिल २०१०. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचा पत्रकार मायकल हेस्टिंग्ज सेनापतींच्या चमूबरोबर पॅरिसमध्ये होता. दोनेक दिवसांचं काम. तेवढ्यात आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला, राखेने युरोपचं आकाश बंद केलं, विमानं जमिनीवर बसली. पत्रकार आणि चमू एकत्र अडकले, पुढे बर्लिनपर्यंत सोबत राहिले. पॅरिसमधल्या एका आयरिश बारमध्ये रात्री पेले रिकामे होत होते, गाणी चालली होती, थट्टा चालली होती. ज्याच्या हातात वही आहे तो चार दिवस सोबत जेवला की वही दिसेनाशी होते. पत्रकाराला मात्र ती दिसत असते.

जूनमध्ये लेख आला. त्यातली सर्वांत जहरी वाक्यं खुद्द सेनापतींची नव्हतीच. ती त्यांच्या हाताखालच्यांची होती, बहुतेक निनावी. बायडन यांच्या नावावर केलेला शाब्दिक चाळा, अध्यक्षांच्या सुरक्षा सल्लागाराला विदूषक म्हणणं, आणि स्वतः सेनापतींचं, विशेष दूत होलब्रुक यांचा आणखी एक ईमेल आला म्हणून कंटाळणं. पण चमू कसं बोलतो यावरून साहेब काय खपवून घेतो ते कळतं. २३ जूनला मॅक्क्रिस्टल व्हाइट हाउसमध्ये गेले आणि थोड्याच वेळात राजीनामा देऊन बाहेर पडले. धोरण बदललं नाही, फक्त माणूस बदलला. त्यांच्या जागी मध्यपूर्व विभागाचे प्रमुख जनरल पेट्रेयस आले.

पुढच्या वर्षी पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि नियमभंग सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. नोकरी तोवर गेलेली होती. चार ताऱ्यांच्या हुद्द्यावर निवृत्त व्हायला सहसा त्या हुद्द्यावर तीन वर्षं काढावी लागतात. मॅक्क्रिस्टल यांची साधारण एकच झाली होती. ती अट व्हाइट हाउसने त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. म्हणजे खुर्ची काढून घेतली, पण मान राखला.

काही वक्तव्यांना मात्र धोरण, अधिकार, जागा असलं काही लावायची गरज नाही. १९९५ मध्ये ओकिनावात तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. पॅसिफिक विभागाचे प्रमुख ॲडमिरल रिचर्ड मॅकी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांबरोबर न्याहारी करताना म्हणाले, गाडी भाड्याने घ्यायला जेवढे पैसे लागले तेवढ्यात त्यांना बाई मिळाली असती. त्याच दिवशी मुदतपूर्व निवृत्ती जाहीर झाली. यावर आणखी काय लिहिणार?

पण सगळेच पडत नाहीत, हेही खरं. २००५ मध्ये मरीन कोअरचे जेम्स मॅटिस सॅन डिएगोतल्या एका चर्चेत म्हणाले, काही लोकांना गोळ्या घालण्यात मजा येते. वरिष्ठांनी शब्द जपून वापरा एवढी समज दिली आणि विषय मिटला. कारण त्या बोलण्याने सरकारचं कुठलंही धोरण अडचणीत येत नव्हतं. तोंडाळ होतं, पण चौकटीच्या आतलं होतं. मला गंमत वाटते ती पुढच्या योगायोगाची. मॅक्क्रिस्टल गेले म्हणून पेट्रेयस अफगाणिस्तानात गेले. त्यामुळे मध्यपूर्व विभागाची खुर्ची रिकामी झाली, आणि २०१० मध्ये तिच्यावर येऊन बसले मॅटिस. एकाच्या तोंडामुळे मोकळी झालेली जागा दुसऱ्या तोंडाळ माणसाला मिळाली, आणि पुढे २०१७ मध्ये तो संरक्षणमंत्रीही झाला.

संसदेसमोरची साक्ष ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं. २००३ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या समितीने लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांना विचारलं, इराक ताब्यात ठेवायला किती सैन्य लागेल? ते म्हणाले, काही लाख. सरकारला हा आकडा अजिबात नको होता. उपसंरक्षणमंत्री वुल्फोवित्झ यांनी दोनच दिवसांत तो जाहीरपणे उडवून लावला. शिन्सेकींना यावरून काढलं, अशी दंतकथा पसरली आहे. ते त्यांची मुदत पुरी करूनच निवृत्त झाले, फक्त शेवटचे महिने एकाकी गेले. फ्रान्सचे सेनाप्रमुख पिएर द विलिए यांना तेवढंही जमलं नाही. जुलै २०१७ मध्ये संरक्षण खर्चात ८५ कोटी युरोंची कपात ठरली, आणि संसदीय समितीच्या बंद बैठकीत त्यांनी शिवराळ शब्दांत विरोध नोंदवला. बैठक बंद होती, शब्द बाहेर आले. अध्यक्ष माक्राँ यांनी भर समारंभात, सेनाधिकाऱ्यांसमोर, ‘तुमचा प्रमुख मी आहे’ असं सुनावलं. आठवडाभरात राजीनामा.

निवृत्तीनंतर तरी मोकळं बोलता येतं का? बरंचसं येतं, पण सरकारी दोर पूर्ण तुटत नाही. निवृत्त लेफ्टनंट जनरल गॅरी व्होलेस्की अमेरिकी लष्करात तासाला ९२ डॉलरवर सल्लागार होते. २०२२ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांच्या ट्वीटखाली त्यांनी एक खोचक ओळ टाकली आणि तासाचे पैसे थांबले.

शेवटचा प्रसंग अमेरिकेच्या एका विमानवाहू नौकेवरचा. मार्च २०२० मध्ये ‘थिओडोर रूझवेल्ट’वर कोरोना पसरला. कॅप्टन ब्रेट क्रोझियर यांनी खलाशांना किनाऱ्यावर उतरवा, असं कळकळीचं पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रात फुटलं. नौदलाचे हंगामी मंत्री थॉमस मॉडली यांनी त्यांना कामावरून दूर केलं. ठपका असा की पत्र फार जणांना पाठवलं, ते बाहेर जाणारच होतं. कॅप्टन नौका सोडून उतरले तेव्हा हजारो खलाशी त्यांच्या नावाचा घोष करत होते. काही दिवसांनी मॉडली स्वतः विमानाने, नौका जिथे उभी होती त्या ग्वाम बेटावर गेले, नौकेवर चढले, आणि ध्वनिक्षेपकावरून सगळ्या खलाशांना म्हणाले, तुमच्या कॅप्टनला जर वाटलं असेल की हे बाहेर जाणार नाही, तर तो फारच भोळा होता किंवा फारच मूर्ख.

त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण काही तासांत बातम्यांवर वाजत होतं. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, मॉडली यांनी राजीनामा दिला.